ज्यानं शिवलं तो आत बसतो

मेजर साहेबांनी कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आमच्या तंबू सेक्शनच्या नावापुढे शून्य होतं.

"कांताबाई, ये क्या है?"

"शून्य आहे साहेब. तेवढं मले वाचता येते."

"इतने महीने में एक भी टेंट पास नहीं हुआ?"

मी खिडकीकडे हात केला. समोर आमची शेड होती. शिवून गुंडाळलेल्या तंबूंची थप्पी आतून पत्र्याला टेकायला आली होती, उघड्या दारातून दिसत होती. साहेबांनी तिकडे पाहिलं. मग स्क्रीनवर नख आपटलं.

"रिव्ह्यू टीम ये देखेगी," ते म्हणाले. मग खिडकीकडे मान केली. "वो नहीं देखेगी."

मेजर साहेब हरियाणाचे. माणूस वाईट नव्हता. पण टीम आकडे बघून ठरवणार होती की आमचं सेक्शन ठेवायचं की बंद करून तंबूंचं काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं. बंद झालं तर आम्हा बायकांची बदली दुसऱ्या राज्यातल्या डेपोत होणार होती. मी रिटायरमेंटला आले होते, माझं काही बिघडत नव्हतं. बाकीच्यांचं बिघडत होतं.

आता थोडं कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हा लष्कराचा डेपो आहे, नागपुरातच. सैन्याचं सामान इथे येतं, दुरुस्त होतं, परत जातं. माझा नवरा इथे कामाला होता. तो वारला तेव्हा अनुकंपावर मला घेतलं. शिक्षण चौथी. पण आम्ही उमरेडचे कोष्टी, मागाच्या खटखटीत वाढलेले, त्यामुळे कापडाला मी बिचकत नव्हते. मला तंबू दुरुस्तीवर टाकलं. सरकारी भाषेत टेंट मेंडर. जाड कॅनव्हास, मेण लावलेला दोरा, तळहाताला चामड्याची पट्टी बांधून सुई रेटायची. पहिलं वर्ष हात सुजायचे. मग हातांना कळलं. शेवटी मी मास्टर क्राफ्ट्समन झाले. म्हणजे तंबू चांगला की नाही हे मी सांगायचं, आणि मी सांगितलं की विषय संपला.

सांगायची आमची एक रीत आहे. शिवून झालेला तंबू आम्ही शेडमागच्या मैदानात उभा करतो. मेखा ठोकतो, दोर ताणतो, मग पाइपानं शिवणींवर पाणी सोडतो. आणि ज्यानं शिवलं तो आत बसतो. छत्री नाही, टॉवेल नाही. शिवण कच्ची असली की पाणी त्याच्याच मानेवर पडतं. बाहेर उभं राहून गळती दिसत नाही. आत बसलं की विचारावं लागत नाही. ही रीत मी काढली नाही. माझ्या आधीच्या मिस्त्रीनं मलाही आत बसवलं होतं. मी भिजले. पुढे कमी भिजत गेले. माणूस कोरडा बाहेर आला की मी पास म्हणते. आमचा तंबू गळतो अशी तक्रार मी मास्टर झाल्यापासून एकाही युनिटमधून आली नाही. हे मी फुशारकीनंच सांगते आहे.

मग नवं नेटवर्क आलं.

नेटवर्क म्हणजे डेपोडेपोंचे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे आणि सगळा कारभार त्यावरून करायचा. कागद बंद. हे काम सैन्यानं स्वतः केलं नाही, एका मोठ्या कंपनीला दिलं. मशीन कंपनीचं, वायर कंपनीची, दुरुस्ती कंपनीची. आपण फक्त समोर बसायचं. आमच्या क्लार्कचं नाव वंजारी. त्यानं जुन्या कॉम्प्युटरवर तंबूंचा हिशेब चांगला बसवला होता. कंपनीनं सांगितलं, जुनं चालणार नाही. वंजारीच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर झाले. एक चालायचा, पण त्यावर काम करायचं नाही. दुसऱ्यावर काम करायचं, पण तो चालायचा नाही. वंजारी पहिल्यावर डबा ठेवायला लागला.

माउस बिघडला तर नवा माउस लावायची परवानगी नाही, कारण माउस कंपनीचा. हेल्पडेस्कला फोन करायचा. हेल्पडेस्क म्हणजे तक्रार ऐकणारी माणसं, ती दुसऱ्या शहरात बसतात. ती एक नंबर देतात, त्याला तिकीट म्हणतात. तिकीट मिळालं म्हणजे गाडी येईलच असं नाही. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, जुन्यासारखा ठेवायचा नाही. वंजारीनं सगळ्या मेव्हण्यांची नावं संपवली. डेपोत माणसं सकाळी भेटली की नमस्कार करत नसत, विचारत, "तुमचा चालू हाय का?"

हे सगळं सहन झालं असतं. आमची अडचण वेगळी होती.

कंपनीनं प्रत्येक शेडचा नकाशा नेटवर्कमध्ये भरला होता. सामान शेडमध्ये येतं, दुरुस्त होतं, तपासलं जातं, पास होतं आणि मग दाराबाहेर जातं. प्रत्येक तंबूला एक चिकटपट्टी. दारावरच्या जवानाकडे एक छोटं मशीन. पट्टीवर धरलं आणि हिरवा दिवा लागला तर जाऊ द्यायचं, लाल लागला तर नाही. पास झालेल्यालाच हिरवा दिवा. पास करायला माझा अंगठा. चौथीपर्यंत शिकून, इतकी वर्षं सही करून, नोकरीच्या शेवटी मी अंगठेबहाद्दर झाले.

बुटांच्या सेक्शनला यात काही त्रास नव्हता. बूट टेबलावर तपासतात. आमचा तंबू मैदानात तपासतात, आणि मैदान दाराच्या बाहेर. म्हणजे तपासायला बाहेर न्यायचा तर आधी पास करा. पास करायचा तर आधी तपासा. शेडमध्ये उभा करावा तर खांब पत्र्याला लागतो, आणि शिलाई मशिनींवर पाणी कोण सोडणार?

जवानाला मी म्हटलं, "बेटा, मागेच तर नेऊन राहिलो, चोरून नाही चाललो."

"माताजी, लाल बत्ती है," तो म्हणाला. हुकूम म्हणजे हुकूम. त्याचंही बरोबर होतं.

वंजारीनं तिकीट टाकलं. हेल्पडेस्कनं उत्तर पाठवलं, यंत्रणा ठरवल्याप्रमाणे चालू आहे, तिकीट बंद. त्यानं पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फोनवर एक माणूस भेटला. वंजारीनं फोन माझ्या हातात दिला.

"मैडम, आप पहले पास कीजिए, फिर बाहर ले जाइए," तो म्हणाला.

"आणि गळला तर?"

"तो फेल कर दीजिए."

"पास केलेला फेल करायचं बटन कुठं आहे?"

तो बराच वेळ शोधत होता. मग म्हणाला, असं बटन नाही. पास झालेला तंबू युनिटला गेला आणि युनिटनं परत पाठवला तरच पुन्हा दुरुस्तीत घेता येतो. म्हणजे सैनिकाच्या अंगावर गळल्यावर. मी फोन ठेवला.

कंपनीची एक इंजिनिअर डेपोतच बसायची. तबस्सुम नाव, मोमिनपुऱ्याची, दोन लेकरांची आई. सगळा डेपो तिच्यावर ओरडायचा, कारण ओरडायला तीच समोर होती. ती मात्र उन्हात आमच्याबरोबर मैदानापर्यंत चालत आली. कंपनीचं दुसरं कोणी आलं नव्हतं. तिनं मैदान पाहिलं, दार पाहिलं.

"काकू, एक ओळ बदलायची आहे," ती म्हणाली. "हे मैदान तुमच्या शेडमध्ये धरायचं, बस."

"मग बदल ना वं."

"मले अधिकार नाही. मले पण तिकीटच टाकावं लागते."

"तुह्याच कंपनीत?"

"माझ्याच कंपनीत. वरून ते म्हणतात, हे करारात नाही. नवं मागत असाल तर अर्ज करा, मंजुरी आणा, पैसे वेगळे."

मला तिचा राग आला नाही. तिची गत आमच्यापेक्षा वाईट होती. आम्ही निदान तिच्यावर ओरडू शकत होतो.

मेजर साहेबांनी अर्ज केला. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. तंबू साचत गेले. तेव्हा साहेबांनी मला एकटीला बोलावलं आणि हळूच सांगितलं, बाकी सेक्शनवाले अडलं की आधी अंगठा लावतात, नंतर बघतात. तुम्हीही तसं करा. लेखी देणार नाही.

"साहेब, पाणी न सोडता तंबू चांगला आहे असं मी नाही म्हणणार. दुसऱ्या कोणाचा अंगठा लावा."

"मास्टर क्राफ्ट्समन आप ही हैं."

"मग नाही."

त्यानंतरच त्यांनी मला ते शून्य दाखवलं.

शेडमध्ये बातमी माझ्याआधी पोचली. लीला माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. आमची जुनी ओळख, एका डब्यात जेवणाऱ्या आम्ही. तिचा नवरा लकवा मारून अंथरुणावर. तिची बदली म्हणजे नोकरी सोडणंच. तिनं सुई खाली ठेवली.

"काहून वं कांता, अंगठाच तं लावायचा हाय."

"अंगठा लावला म्हणजे मी सांगून राहिली की तंबू चांगला आहे."

"चांगलाच हाय. मी शिवला. माह्या हातचा गळते का?"

"कधी कधी गळते."

"तुह्या हातचा नाही गळत?"

"माझाही गळते. म्हणून तं आत बसतो आपण."

"तू दोन महिन्यांत घरी बसशीन पेन्शन घेऊन. मी नवऱ्याले खाटेसकट परराज्यात नेऊ का?"

ती खोटं बोलत नव्हती. त्या दिवसापासून तिनं डबा वेगळा खाल्ला. बाकीच्या बायकाही तिच्याच बाजूनं. मला वाईट वाटलं का? वाटलं. अंगठा लावावासा वाटला का? एकदा वाटला. दुपारी शेडमध्ये कोणी नव्हतं, मशीन चालू होतं. मी बोट पुढे केलं. मग वाटलं, गळका एकच जरी गेला, तरी पुढे माझ्या पास म्हणण्याला किंमत काय? बोट मागे घेतलं आणि चहा प्यायला गेले.

रिव्ह्यू टीम आली. पुढे कर्नल साहेब, साताऱ्याकडचे, मराठी बोलणारे. मागे दोन अधिकारी. त्यांच्याबरोबर कंपनीचे मोठे मॅनेजर होते, नेटवर्क कसं छान चाललं आहे ते दाखवायला. माणूस गोड बोलणारा, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. तबस्सुम त्यांच्या मागे, तोंड शिवल्यासारखी.

कर्नल साहेबांनी हातातला कागद पाहिला. "तंबू सेक्शन शून्य. बाई, तुम्ही काय करता दिवसभर?"

"तंबू शिवतो साहेब. ते बघा."

त्यांनी थप्पी पाहिली. "मग पास का नाहीत?"

मी सांगितलं. दार, दिवा, मैदान, पाणी, आणि नेटवर्कमधली बदलायची ती एक ओळ. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग मॅनेजरकडे वळले.

"सर, छोटी सी बात है," मॅनेजर म्हणाले. "पहले पास, फिर मूव्ह. बाकी सब लोग कर रहे हैं. यूजर को थोड़ी ट्रेनिंग की ज़रूरत है."

बुटांच्या सेक्शनचा माणूस तिथे होता. त्यानं जमिनीकडे पाहिलं; काम साचलं की तेही आधी अंगठा लावत.

मी म्हटलं, "साहेब, माझा अंगठा नको. यांचा लावा. यांच्या नेटवर्कमध्ये यांना सगळी दारं उघडी आहेत म्हणतात. एक तंबू पास करू द्या यांना."

कर्नल साहेबांना ते आवडलं असावं. "करा," ते मॅनेजरला म्हणाले, आणि थप्पीतल्या एका गाठोड्यावर स्वतःच्या काठीनं ठोकलं. "हा."

हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर डेपोत लोक म्हणाले की कांतानं तंबू हेरून ठेवला होता. मी हेरला नव्हता. आणि तो कोरडा निघाला असता तर मी हरले असते, हेही मला तेव्हाच समजलं होतं. गाठोड्यावर खडूनं लीलाची खूण होती.

मॅनेजरनी हसत अंगठा लावला. मशीननं लगेच घेतला. माझा तिसऱ्या खेपेला घेतं. जवानानं पट्टीवर मशीन धरलं, हिरवा दिवा लागला. तंबू मैदानात गेला. बायकांनी मेखा ठोकल्या, दोर ताणले. किती दिवसांनी ठोकत होत्या, लाकडी मोगरीचा आवाज जोरात येत होता. वंजारीनं पाइप जोडला. लीला पदर खोचून आत गेली. कोणाला सांगावं लागलं नाही.

"ये अंदर क्यों गईं?" मॅनेजरनी विचारलं.

"आमच्याकडे ज्यानं शिवलं तो आत बसतो," मी म्हटलं. "आज पास तुम्ही केला. तुम्हीही बसा."

ते कर्नल साहेबांकडे बघायला लागले. साहेबांनी काठीनं तंबूचं दार दाखवलं फक्त. मॅनेजर वाकून आत गेले.

वंजारीनं पाणी सोडलं. त्यानं हात आखडता घेतला नाही. सगळ्या पासवर्डांचा राग त्या पाइपात होता. छपराच्या कण्यावरून धार खाली यायला लागली. थोडा वेळ आतून काही आवाज नाही. मला वाटलं, संपलं.

मग लीलाचा आवाज आला. "गळून राहिला वं, कांता. कोपऱ्याची शिवण. माहीच हाय."

आधी ती बाहेर आली, मग मॅनेजर. त्यांच्या शर्टाचा एक खांदा ओला झाला होता. हसले ते. माणूस खिलाडू होता, हे मी मान्य करते.

"ठीक है, इसको फेल करके वापस ले लेते हैं," ते म्हणाले.

"घ्या," मी म्हटलं.

ते वंजारीच्या खुर्चीत बसले. बटन शोधलं. तबस्सुम मागे उभी राहून बघत होती. त्यांनी दोन-तीन ठिकाणी जाऊन पाहिलं, मग पुन्हा पहिल्या पानावर आले. शेवटी खिशातून फोन काढून हेल्पडेस्क लावला. त्यांच्याच कंपनीचा. फोनवर बाई म्हणाली, आपकी कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है. मग गाणं लागलं. सगळे उभे. कर्नल साहेब, मेजर साहेब, जवान, आम्ही बायका. गाणं लांबलं. मग एक माणूस आला. मॅनेजरनी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सर, सिस्टम ठरवल्याप्रमाणेच चालू आहे. मी तिकीट देऊ का?

वंजारीला खोकला आला. तो बाहेर जाऊन खोकला.

कर्नल साहेबांनी कागद घडी केला. "ही ओळ कोण बदलू शकतं?"

"सर, प्रोसीजर ऐसा है कि चेंज रिक्वेस्ट—"

"कोण बदलू शकतं, एवढंच विचारलं."

मॅनेजरनी मागे पाहिलं. "तबस्सुम, तुम कर सकती हो?"

"अधिकार द्याल तर आत्ता," ती म्हणाली.

त्यांनी दिला. ती खुर्चीत बसली. त्या दिवसापासून मैदान आमच्या शेडमध्ये आहे. पाहुण्यांसाठी मागवलेला चहा यायच्या आत काम झालं. लीलाचा तंबू मात्र कागदोपत्री पास झालेलाच राहिला. त्याचं काही करता येईना. लीलानं त्याची कोपऱ्याची शिवण उसवली आणि पुन्हा घातली. मी तिला पुन्हा आत बसवलं. कोरडी बाहेर आली.

"आता झालं ना समाधान?" ती म्हणाली.

"झालं."

"मग डबा काढ. भूक लागली."

पुढे आम्ही सगळी थप्पी तपासली. वंजारी पाइप धरून धरून कंटाळला. बहुतेक तंबू पास झाले. काही गळले, त्यात एक माझा होता. आत मीच बसले होते. सेक्शन बंद झालं नाही. मी ठरलेल्या दिवशी रिटायर झाले. माझ्या जागी आता लीलाचा अंगठा लागतो. ती माझ्यापेक्षा कडक आहे, बायका सांगतात. दोन वेळा पाणी सोडायला लावते.

कर्नल साहेबांनी आपल्या अहवालात काय लिहिलं ते मला माहीत नाही. कंपनीनं मैदानाच्या तिकिटावर काय लिहिलं ते वंजारीनं मला वाचून दाखवलं. यूजरला प्रशिक्षण देण्यात आले. तिकीट बंद.

नेटवर्क वाईट होतं असं मी म्हणणार नाही. आता तंबू कुठल्या युनिटला गेला ते घरबसल्या कळतं. कागदावर ते कधी कळलं नसतं. पण ज्यांनी ते बनवलं त्यांनी आमची शेड टेबलावर बसून काढली. टेबलावर बसलं की टेबलावरचंच काम दिसतं. दुसऱ्याच्या कामासाठी काही बनवायचं असेल तर आधी त्याच्याबरोबर मैदानापर्यंत चालत जावं. ऊन लागतं, पण नंतरची पुष्कळ तिकिटं वाचतात.